स्वादुपिंडाला फक्त ‘किती’ एवढंच कळतं



आपल्यात कुणाच्या पोटाच्या आजाराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘आपल्याला कशाला काही होईल? आपण मांस खात नाही, दारू पीत नाही, रात्री जेवत नाही.’ हे मी लग्नाच्या मांडवात ऐकलं आहे, मंदिराच्या कट्ट्यावर ऐकलं आहे आणि दवाखान्यात आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडूनही ऐकलं आहे. आज मला या वाक्याशीच भांडायचं आहे. नियम चुकीचे आहेत असं माझं म्हणणं नाही. नियम सोन्यासारखे आहेत. पण त्या नियमांच्या आडोशाला बसून आपण ताटात जे करतो, त्याची भरपाई एक अवयव निमूटपणे करत असतो आणि त्याचं नावही आपल्या तोंडी नसतं. तो अवयव म्हणजे स्वादुपिंड.

जठर सगळ्यांना माहीत, कारण ते जळजळतं. यकृत माहीत, कारण कावीळ झाली की त्याचं नाव निघतं. स्वादुपिंडाचं नाव निघतं ते साखर वाढल्यावर, तेही ‘इन्सुलिन तिथं तयार होतं म्हणे’ एवढंच. खरं तर इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची बेटं त्या अवयवाच्या वजनाच्या शेकडा एक-दोन भागच भरतात. पॉल लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये त्यांचं पहिल्यांदा वर्णन केलं, म्हणून ती लँगरहान्सची बेटं. बाकीचा जवळजवळ सगळा अवयव राबतो तो पचनासाठी.

जठराच्या मागे आडवा पडलेला, वीतभरापेक्षा थोडा कमी लांबीचा आणि शंभर ग्रॅमच्या आसपास वजनाचा हा अवयव दिवसाला एक ते दीड लिटर पाचक रस तयार करतो. शंभर ग्रॅम म्हणजे आपली एक लहान वाटी डाळ. तेवढ्या जिवातून रोज दूधवाल्याच्या मापाने लिटर-दीड लिटर रस! जठरातून लहान आतड्यात येणारं अन्न आंबट, म्हणजे आम्लाने भरलेलं असतं. ते तसंच पुढे गेलं तर आतड्याला पोळेल आणि पुढची पाचकंही काम करणार नाहीत. म्हणून या रसात सोडियम बायकार्बोनेट असतं. ढोकळ्यात आपण जो खाण्याचा सोडा घालतो, तोच क्षार. आंबटपणा शमला की मग पाचकं कामाला लागतात. अ‍ॅमिलेज भात-पोळीचं पिष्ट तोडतं, लायपेज तूप-तेल तोडतं, ट्रिप्सिन आणि त्याच्या जोडीची पाचकं डाळ-दुधातली प्रथिनं तोडतात. तोंडातली लाळ आणि जठर थोडंफार काम करतात, पण तूप-तेल पचवण्याचा खरा भार स्वादुपिंडावर.

आता यातली मला सगळ्यात नवल वाटणारी गोष्ट सांगते. प्रथिनं तोडणारं पाचक आपलं स्वतःचं मांसही तोडू शकतं, कारण मांस म्हणजे प्रथिनंच. मग ते बनवणारा अवयव स्वतः कसा शाबूत राहतो? तर स्वादुपिंड ही पाचकं कुलूप लावून पाठवतं. आतड्यात पोहोचल्यावर तिथलं एक पाचक ते कुलूप उघडतं आणि मग काम सुरू होतं. हे कुलूप वाटेतच, स्वादुपिंडाच्या आत उघडलं, तर अवयव स्वतःलाच पचवायला लागतो. यालाच स्वादुपिंडाचा दाह म्हणतात. डॉक्टर ‘पँक्रियाटायटिस’ म्हणतात तो हाच. ज्यांनी तो जवळून पाहिला आहे, त्यांना त्या वेदनेबद्दल वेगळं सांगायला नको.

आता त्या आवडत्या वाक्याकडे येऊ. दारू हे या आजाराचं एक मोठं कारण आहे, हे खरं. पण दुसरं तेवढंच मोठं कारण पित्ताशयातले खडे आहेत, आणि खडे काही दारूच्या दुकानात मिळत नाहीत. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका आतड्यात उघडतात ते तोंड बहुतेकांत एकच असतं. पित्ताशयातला बारीकसा खडा घसरून तिथं अडकला की स्वादुपिंडाचा रस तुंबतो आणि दाह सुरू होतो. खडे कुणाला जास्त होतात? बायकांना, चाळिशीपुढच्यांना, बाळंतपणं झालेल्यांना, वजन वाढलेल्यांना. शिवाय झपाट्याने वजन उतरलं किंवा दीर्घकाळ पोटात काही गेलं नाही तरीही, कारण पित्ताशय आकुंचन पावत नाही आणि पित्त साचून घट्ट होतं. ही यादी पुन्हा वाचा मैत्रिणींनो. आपल्या महिला मंडळाच्या हजेरीपटासारखी वाटते की नाही?

तिसरं कारण रक्तातली चरबी, ट्रायग्लिसराइड. ती दीडशेच्या आत असावी. एका डेसिलिटरमागे हजार मिलिग्रॅमच्या वर गेली तर स्वादुपिंडाला थेट धोका. काहींच्या ती रक्तातच, आनुवंशिक असते. पण साखर, मैदा, तळण, वाढलेलं वजन आणि हाताबाहेर गेलेला मधुमेह तिला वर ढकलतात. यातलं काय आपल्या शुद्ध शाकाहारी घरात मिळत नाही?

चौथं कारण तंबाखू. इथं मला जरा कडक बोलायचं आहे. कांदा-लसूण वर्ज्य, कंदमूळ वर्ज्य, पाणी गाळून घेणार, आणि दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या तोंडात पुडी! विडी-सिगारेटने स्वादुपिंडाचा दाह वाढतो आणि कर्करोगाचा धोकाही वाढतो. चघळायच्या तंबाखूचंही स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी नातं आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलं आहे. महाराष्ट्र सरकारने गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आणली. आपल्या घरातल्या खिशांवर कधी येणार? सुनेच्या ताटात चुकून बटाटा आला तर घर डोक्यावर घेणारे सासरे स्वतःच्या मिश्रीची डबी मात्र देवघराशेजारी ठेवतात, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

आणि काही माणसांना यातलं काहीच नसतं, तरी हा आजार होतो. केरळमध्ये दारूच्या थेंबाला न शिवलेल्या तरुण मुला-मुलींच्या स्वादुपिंडात खडे आणि पुढे मधुमेह, असे रुग्ण अनेक वर्षं नोंदले गेले. आधी टॅपिओकाच्या कंदाला दोष दिला गेला. पुढे कळलं की अशा अनेकांच्या जनुकांतच कुलूप सांभाळण्याची व्यवस्था कमजोर असते. म्हणून कुणी आजारी पडलं की ‘बाहेरचं काहीतरी खात-पीत असणार’ असं कुजबुजू नका. ती कुजबुज आजारापेक्षा जास्त टोचते.

मग आपण करायचं काय? इथंच माझा खरा मुद्दा आहे, आणि तो मी बाहेरून आणत नाही. आपल्याच शास्त्रातून आणते.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा बाह्य तपं सांगितली आहेत. पाठशाळेत आपण ती पाठ केली आहेत. पहिलं अनशन, म्हणजे उपास. दुसरं अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा कमी जेवणं. चौथं रसपरित्याग, म्हणजे दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ यांतलं काही सोडणं. आता सांगा, पहिल्या तपाचा आपण केवढा गाजावाजा करतो! दहा उपास केले की मिरवणूक, हार, सत्कार, फोटो, पत्रिका. आणि दुसऱ्या तपाचा? ‘अमक्या काकूंनी वर्षभर दोन घास कमी खाल्ले’ म्हणून कुणाला शाल मिळालेली पाहिली आहे का? चौथ्या तपाचं तर विचारूच नका. भाजीवर तरंगणारं तेल चमच्याने बाजूला सारणारीला ‘नखरे’ म्हणतात.

स्वादुपिंडाला यातलं कोणतं तप जास्त मानवतं? त्याला आपण कोणत्या धर्माचे हे कळत नाही. ताटातला पदार्थ हिरव्या ठिपक्याचा आहे की नाही, हेही कळत नाही. त्याला कळतं फक्त ‘किती’. किती तूप आलं, किती साखर आली, किती घाईने आली. आतड्यात स्निग्ध पदार्थ पोहोचले की एक संप्रेरक सुटतं, ते पित्ताशयाला पिळतं आणि स्वादुपिंडाला रस सोडायला लावतं. जेवढा ढीग, तेवढी हाक. म्हणजे अवमौदर्य आणि रसपरित्याग हीच त्याची खरी विश्रांती, आणि ती वर्षातून दहा दिवस नाही तर रोज दोन वेळा देता येते. उपासाने धर्म होत असेल, मला त्यावर बोलायचा अधिकार नाही. पण दहा दिवस कडक आणि तीनशे पंचावन्न दिवस मोकाट, हा हिशोब पोटाच्या वहीत जुळत नाही.

वहीचं नाव निघालंच आहे तर मी बी.कॉम. असल्याचा थोडा उपयोग करून घेते. समजा घरात चार माणसं आहेत आणि महिन्याला पाच लिटर तेलाचा डबा आणि एक किलो तूप संपतं. ही काही उधळपट्टी वाटत नाही, बऱ्याच घरांत याहून जास्त जातं. पाच लिटर तेल म्हणजे सुमारे साडेचार किलो. तूप धरून साडेपाच किलो. चार माणसं, तीस दिवस, म्हणजे एकशेवीसने भागा. माणशी दिवसाला पंचेचाळीस ग्रॅम आलं. आपल्या देशाच्या २०१० च्या पोषण शिफारशींत बैठं काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला २० ग्रॅम आणि पुरुषाला २५ ग्रॅम वरचं तेल-तूप पुरेसं धरलं आहे. म्हणजे आपण जवळजवळ दुप्पट खर्च करतो आहोत, आणि यात दुकानातून आलेली शेव, गाठी, केळ्याचे वेफर्स आणि लग्नातली जेवणं धरलेलीच नाहीत. दुधातली साय वेगळीच. एखाद्या पेढीने दर महिन्याला दुप्पट खर्च दाखवला असता तर आपल्या घरातल्या पुरुषांनी दुसऱ्या दिवशी मुनीमजींना बोलावलं असतं.

‘पण मला तर काहीच त्रास नाही,’ असं कुणी म्हणेल. कॉलेजात आम्हाला राखीव निधी शिकवायचे. पेढी तोट्यात असली तरी राखीव निधीतून देणी भागत राहतात आणि बाहेरून सगळं आलबेल दिसतं. स्वादुपिंडाची गंगाजळी अशीच मोठी आहे. न पचलेली चरबी शौचावाटे पडायला लागते ती पाचक बनवण्याची ताकद दहा टक्क्यांच्या खाली गेल्यावर! म्हणजे दर शंभर रुपयांतले नव्वद उडेपर्यंत चेक वटत राहतो. मग एकदम शौच तेलकट, चिकट, घाण वासाचं, पाण्यावर तरंगणारं होतं, वजन उतरतं, अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं कमी पडतात, हाडं ठिसूळ होतात. त्रास नाही याचा अर्थ निधी शाबूत आहे असा होत नाही.

खोटी भीती मला घालायची नाही. एका श्रीखंड-पुरीच्या जेवणाने निरोगी माणसाचं स्वादुपिंड निकामी होत नाही. सणाला पुरणपोळी करा, वर तूपही घ्या. पण ज्यांच्या पित्ताशयात खडे आहेत, ट्रायग्लिसराइड चढलेले आहेत किंवा आधी एकदा दाह होऊन गेला आहे, त्यांच्यासाठी तो एक आग्रहाचा वाढप महागात पडू शकतो. आणि पंगतीत वाढणाऱ्याला कुणाच्या पोटात काय आहे हे ठाऊक नसतं. म्हणून ‘एक तरी घ्याच, माझी शपथ’ ही आपली आग्रहाची पद्धत मला हिंसेसारखी वाटते. मुंगी चिरडू नये म्हणून खाली पाहून चालणाऱ्यांनी समोरच्याच्या नको म्हणण्याकडेही पाहायला हवं.

या सगळ्याचा कळस म्हणजे पारणं. आठ-दहा दिवसांचे उपास झाले की पारण्याच्या दिवशी नातलग ओळीने उभे राहतात आणि प्रत्येक जण तपस्वीच्या तोंडात काही ना काही भरवतो. कुणी साखरेचं पाणी, कुणी पेढा, कुणी बासुंदी, कुणी शिरा. प्रेमानेच करतात. पण शरीरात काय होतं ते ऐका. दीर्घ उपासात इन्सुलिनची पातळी खाली गेलेली असते. अचानक गोडाचा मारा झाला की स्वादुपिंड एकदम इन्सुलिन सोडतं. त्याच्याबरोबर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींच्या आत ओढलं जातं आणि रक्तातली त्यांची पातळी कोसळते. हृदयाचे ठोके बिघडू शकतात, माणूस दगावूही शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेले उपाशी युद्धकैदी भरपूर अन्न मिळाल्यावर आजारी पडले, काही मेले, तेव्हा डॉक्टरांच्या हे नीट ध्यानात आलं. पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच पोटात गेलं नसेल तर हा धोका धरून चालतात. आपली अठाई आठ दिवसांची. दशलक्षणाचे उपास दहा दिवसांचे.

आपल्या आज्या पारण्याला मुगाचं पाणी द्यायच्या, चार चमचे. मग तासा-दोन तासांनी आणखी थोडं. दुसऱ्या दिवशी मऊ भात. त्यांना इन्सुलिन हा शब्द माहीत नव्हता, पण त्यांना शरीराची लाज होती. ती पद्धत आपण ‘साधी’ म्हणून टाकली आणि केटररची यादी घेतली.

कुणी म्हणेल, तपस्येत शरीराचा एवढा विचार कशाला? मग सोळा कारण भावना आठवा. त्यांत ‘शक्तितस्तप’ आहे, ‘शक्तितस्त्याग’ आहे. आपल्या शक्तीप्रमाणे, शक्ती न लपवता आणि शक्तीबाहेर न जाता. आणि ज्यांना आपण आहार देतो ते दिगंबर मुनी बघा. दिवसातून एकदा, उभ्याने, ओंजळीत मावेल तेवढं. ओंजळ हेच त्यांचं माप. आहार पाहायला आपण पहाटेपासून शुद्ध वस्त्र नेसून उभ्या राहतो, आणि त्यांचा आहार झाला की मंडपात येऊन तीन गोड, दोन फरसाण आणि पाच भाज्यांचं ताट घेतो. द्विदल तर होत नाही ना म्हणून दुसऱ्याच्या ताटात डोकावणारे डोळे आपल्या ताटातल्या पुऱ्या मात्र मोजत नाहीत.

रात्रिभोजन त्यागाचंही तेच. नियम शरीराला खरोखर हिताचा आहे. दिवस मावळल्यावर शरीराची साखर हाताळण्याची ताकद सकाळपेक्षा कमी असते, हे आता विज्ञानही सांगतं. पण सूर्यास्ताला पंधरा मिनिटं उरली म्हणून उभ्या उभ्या, न चावता, पुढच्या बारा तासांचं एकदम भरून घेणं यात त्याग कुठं आहे? वेळ पाळली, माप मोडलं.

आता अशा एका गोष्टीकडे येते, जिच्याबद्दल आपल्यात फारसं बोललं जात नाही. असं जेवून पोट जड झालं की आपण काय करतो? कपाटातली पाचक औषधाची बाटली काढतो. गोड, रंगीत, दोन चमचे. मैत्रिणींनो, ती बाटली उजेडात धरून बारीक अक्षरं वाचा. अशा अनेक बाटल्यांवर डायस्टेजच्या शेजारी ‘पेप्सिन’ लिहिलेलं असतं. डायस्टेज बहुधा बुरशीपासूनचं असतं, पण पेप्सिन साधारणपणे डुकराच्या जठराच्या अस्तरातून काढतात. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर हिरवा ठिपका शोधायची आपल्याला सवय आहे, पण औषधांवर असा ठिपका लावायचं बंधन नाही. म्हणजे बिस्किटाच्या पुड्यावरचा बारीक अक्षरांतला प्रत्येक घटक तपासणारं घर जेवणानंतर काय पितं ते बघा. आणि ते कशासाठी? जास्त खाल्लेलं जिरवण्यासाठी! दोन घास कमी खाल्ले असते तर बाटली लागलीच नसती. अवमौदर्य मोडलं की अहिंसाही मोडते, ती अशी.

ज्यांचं स्वादुपिंड खरोखर निकामी झालं आहे त्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि इथं मी पूर्णपणे रुग्णाच्या बाजूने आहे. त्यांना जेवणाबरोबर पाचकांच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात आणि त्या पाचकांचा स्रोत डुकराचं स्वादुपिंड हाच आहे. बुरशीपासूनची पाचकं बाजारात आहेत, पण या आजारात ती तेवढ्या भरवशाची मानली जात नाहीत. इन्सुलिनचीही एके काळी हीच गत होती. १९२१ मध्ये टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते वेगळं केलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा टोचलं, ते गुरांच्या स्वादुपिंडाचं होतं. पुढे साठ वर्षं गाई-डुकरांचंच वापरलं गेलं. १९८२ पासून जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन मिळू लागलं, म्हणून आज मधुमेही जैनाने इन्सुलिनला बिचकायचं कारण नाही. पाचकांच्या बाबतीत तसा दिवस अजून उजाडलेला नाही.

मग अशा रुग्णाने काय करावं? तो निर्णय त्याचा, त्याच्या डॉक्टरांचा आणि त्याच्या मनाचा. मनातला संकोच डॉक्टरांना उघड सांगावा, पण परस्पर गोळी बंद करू नये. आणि बाकीच्यांनी तोंड मिटावं. आजारी माणसाला ‘तुम्ही डुकराचं घेता?’ असं विचारणाऱ्या समाजाने आधी पंगतीत त्याला चौथी पुरी कुणी वाढली हे विचारावं.

दुसरीकडे मोबाइलवर फिरणारे ते निरोप. ‘सात दिवसांत स्वादुपिंड स्वच्छ करा’, ‘हा काढा घ्या, इन्सुलिन सुटेल’. स्वादुपिंड म्हणजे काही मोरी नव्हे, घासून स्वच्छ करायला. त्यात मळ साचत नाही. दिवसाला लिटरभर रस ज्यातून वाहतो त्याला आणखी कोणता काढा धुणार आहे? कारल्याचा रस पिऊन ज्यांनी साखरेची गोळी सोडली त्यांची साखर चढते, आणि जे दोन्ही घेतात त्यांची कधी कधी धोकादायक इतकी उतरते. फुकटचा सल्ला सगळ्यात महाग पडतो, हे आपल्या व्यापारी समाजाला मी सांगायला हवं का?

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं बायकांसाठी. पोटाच्या वरच्या भागात कळ उठते, आरपार पाठीत जाते, उलट्या होतात, आडवं पडलं की वाढते, पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं. याला ‘पित्त झालंय’ म्हणून ओवा चघळत बसू नका. सगळ्यांची जेवणं होऊ देत, मग बघू, असं म्हणू नका. रक्तातली लायपेजची तपासणी आणि सोनोग्राफी यांवरून बरंच कळतं, आणि सुरुवातीच्या तासांत शिरेतून मिळणारं पाणी हा उपचाराचा पाया असतो. उपास चालू असला तरी जा. व्रत पुढच्या वर्षीही येतं. डोळे पिवळे झाले, किंवा पन्नाशीनंतर अचानक साखर निघाली आणि काही न करता वजन उतरू लागलं, तर ‘बरं झालं, बारीक झाले’ म्हणून खूश होऊ नका, डॉक्टरांना दाखवा. वर्षातून एकदा साखर आणि चरबीची तपासणी करा. दहा उपासांचा संकल्प करण्याआधी तर कराच. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही उपास नको.

आता माझं मागणं. ते मी आपल्या महिला मंडळापुढे मांडणार आहे आणि तुम्हीही तुमच्या मंडळापुढे मांडा. येत्या पर्वात पारण्याची पंगत मुगाच्या पाण्याची, मऊ भाताची आणि दुधी-पडवळाच्या भाजीची असावी. तपस्वींना भरवायचा मान एकालाच असावा, बाकीच्यांनी हात जोडून अनुमोदना करावी. विधानाच्या जेवणात एकच गोड आणि एकच तळण असावं, आणि ते पत्रिकेत आधीच छापावं. वाढपाला उभ्या राहणाऱ्या मुलांना एकच सूचना द्यावी, नको म्हटलं की वाढायचं नाही. वाचलेल्या पैशातून गावातल्या बायकांची साखर, चरबी आणि पित्ताशय तपासायचं शिबिर घ्यावं.

आणि सत्काराच्या यादीत एक नाव नवं घालावं. जिने वर्षभर घरातलं तेल पाच लिटरवरून तीन लिटरवर आणलं, तिचं. हार घालायला मी स्वतः येईन.